पोटाखालचा अंगठा

आमचे नाना मास्तर पोराचं तोंड बघायच्या आधी त्याचा अंगठा बघायचे. मी बिगरीत नाव घालायला आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, बोट धरून गेलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, वय विचारलं नाही. माझा उजवा अंगठा पुढं ओढला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "ठीक आहे. बसा त्या भिंतीला." परत येताना आबा वाटभर पुटपुटत होते, की हा मास्तर हाय का फौजदार? आबांच्या तोंडून ते नाव गावभर झालं आणि मास्तरांना कायमचं चिकटलं.

आमचं गाव रहिमतपूरपासून चार मैलांवर. शाळा म्हणजे चावडीला लागून असलेली एक लांबट खोली. चार भिंतींना चार इयत्ता आणि मधे नाना मास्तर. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला टोपी, आणि मान सदा एका बाजूला कललेली. पलीकडचं काहीतरी आपल्यापासून लपवलंय, ते जरा वाकून बघावं, अशी. शाळेत ते शुद्ध बोलायचे. राग आला की 'आहे'चं 'हाय' व्हायचं आणि आम्ही पाट्या आवरून घ्यायचो.

त्यांचा विश्वास म्हणून कशावर नव्हता. पोर गैरहजर राहिलं की घरच्यांनी काय निरोप धाडलाय ते ऐकायचेच नाहीत. शाळा सुटली की काखेत छत्री मारून थेट त्या पोराच्या घरी हजर. जीभ बघायचे, कपाळाला हात लावायचे. ताप खरा निघाला तर जरा हिरमुसल्यासारखे व्हायचे, पण उशाशी बसून सात ते नऊचे पाढे म्हणून घ्यायचेच. आंब्याच्या दिवसांत तोंडाचा वास घ्यायचे. टकळीवरचं सूत जरा बारीक आलं की विचारायचे, "आजी घरात आहे का?" आजी असली की सूत बाद.

एकदा वरून हुकूम आला, की मुलांच्या लिखाणाचं आणि चित्रांचं हस्तलिखित काढा. झालं! मास्तरांनी एकेकाला उभं करून उलटतपासणी घेतली आणि जे कबूल झालं ते खाली शाईनं लिहून टाकलं. आमच्या शाळेचं ते हस्तलिखित मी जन्मात विसरणार नाही. 'आमची म्हैस, निबंध. लेखक, पांडू जाधवचे धाकटे चुलते.' 'बैलगाडी, चित्र. किसन माने. चाके, थोरला भाऊ.' पांडूचे चुलते मात्र खूश झाले. आपलं नाव पुस्तकात आलं म्हणून ते हस्तलिखित आठ दिवस पारावर घेऊन बसले होते.

पण मास्तरांचा खरा कस लागायचा बेंदराला.

बेंदूर म्हणजे आमच्याकडं बैलांचा सण. दारातल्या बैलांची पूजा होते, तशी घरात मातीच्या बैलांचीही होते. मास्तर आठ दिवस आधी तळ्याची काळी माती भिजवायला लावायचे आणि प्रत्येकानं आपल्या हातानं एक बैल करून आणायचा, असं फर्मान निघायचं. आता पोरानं केलेला बैल कसा असणार? डुकरासारखाच असणार. पण आमच्या भागात मोठी माणसं एक गोष्ट सहन करू शकत नाहीत, ती म्हणजे वाईट बैल. खिल्लार बैलांच्या मुलखातली माणसं ही. पोराचा बैल कोनाड्यात वाळत दिसला, की येता जाता बाप त्याची मान उचलणार, चुलता पाठीवर वशिंड चढवणार, आजोबा शिंगं मागं ओढणार. फसवायचं कुणाच्याच मनात नसायचं. नुसता हात शिवशिवायचा. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी शाळेत असे देखणे बैल जमायचे की कुंभारानं लाजावं.

मास्तर ते वरून बघायचेच नाहीत. एकेक बैल उचलून आडवा करायचे. पायांचे सांधे पोटाला दाबताना मातीत अंगठा रुततो, तो खळगा तिथं राहतो. वरून सगळे पाण्याचा हात फिरवतात, पोटाखाली कोण बघतंय? मास्तर बघायचे. पोराचा अंगठा त्या खळग्यात घालायचे. बसला तर बैल पोराचा. अंगठा आत खुळखुळला तर बापाचा. "वरून कुणीही बैल बघेल," ते म्हणायचे, "खालून माणूस बघायचा असतो." पोटाचं झालं की मानेचं, मग शिंगांचं. सगळीकडं पास झालेल्या बैलाच्या गळ्यात कागदाची चिठ्ठी पडायची. तिच्यावर नाव, इयत्ता आणि झोकदार अक्षरात 'स्वहस्ते'. अशा चिठ्ठ्या दोन-तीनच निघायच्या, त्याही अशा बैलांना, की मागल्या वर्षी तपासणीला आलेल्या दिपोटी साहेबांनी, "ही बकरी फार छान," म्हणून शाबासकी दिली होती.

बाद झालेले बैल मास्तर रॉकेलच्या खोक्यात घालून घरी न्यायचे. परत कधी द्यायचे नाहीत.

मी चौथीत होतो त्या वर्षी त्या चिठ्ठीसाठी जीव टाकला. दोन बैल मोडले, तिसरा धरला. पोट, पाय, मान, सगळं माझं. आबांना हात लावू नका म्हणून गळ्याची शपथ घातली. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर अंघोळीला काय गेलो, तेवढ्यात आबांनी शिंगं नीट केली. काय शिंगं होती ती! मला दिसलं, पण मी गप्प बसलो, कारण बैल फारच रुबाबदार दिसत होता. मास्तरांनी पोट बघितलं, मान हलवली. मान बघितली, मान हलवली. मग शिंगाच्या बुडाशी माझा अंगठा लावला, आणि झालं वाटोळं.

"हाताखाली कोण होतं?"

"कोण न्हाई, मास्तर."

माझा बैल खोक्यात गेला. सोमवारी दिपोटी यायचे होते, बैलांचं प्रदर्शन मांडायचं होतं, आणि माझा बैल खोक्यात. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग आला. शेजारी बसणारा माझा दोस्त हणम्या म्हणाला, की गड्या, हे बैल जातात कुठं? दर बाजारी मास्तर पिशवी घेऊन रहिमतपूरला जातात. तिथं मांडून बसत असणार! एवढे देखणे बैल फुकट कोण नेतंय? आम्हाला ते शंभर टक्के पटलं. जन्मभर आमच्यावर संशय घेणाऱ्या माणसावर संशय घेताना काय गार वाटलं म्हणून सांगू. आबांना विचारलं तर ते शिंगांपायी आधीच ओशाळले होते. एवढंच म्हणाले, "त्येचं तोंड कुटंतरी दुधानं पोळलंय. म्हनून ताक फुंकतंय."

रविवारी दुपारी आम्ही मास्तरांच्या खोलीमागं गेलो. मास्तर एकटे राहायचे. ना बायको, ना लेकरू. मागच्या भिंतीला उंच खिडकी होती. हणम्या खाली बसला, मी त्याच्या खांद्यावर उभा राहिलो आणि आत डोकावलो.

आत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर बैल. आठ-नऊ वर्षांचे सगळे बाद बैल, ओळीनं, धूळ झटकलेले. एकही विकलेला नव्हता. प्रत्येकाच्या पुढ्यात चिठ्ठी, पोराचं नाव आणि शेजारी 'शिंगे आजोबा', 'मान बाप', असं ज्याचं त्याचं. माझाही होता. मला जरा कसंतरीच झालं.

पण मास्तर एकटे नव्हते. दाराशी गंगूकाकू बसली होती. आमच्याच आळीतली. मुलगा सदू पोटात असतानाच तिचा नवरा गेला. पुढं हा एकुलता एक सदू पलटणीत भरती झाला, आणि महिन्यापूर्वी ब्रह्मदेशाकडून तो गेल्याची तार आली होती. फोटो काढून पाठवतो असं त्यानं लिहिलं होतं. फोटो आला नाही, तारच आली. घरात त्याचं म्हणून दाखवायला काही नव्हतं. काकू यंदा बेंदराला दारसुद्धा उघडून बाहेर आली नव्हती. तिला मास्तरांनीच निरोप धाडून बोलावलं होतं.

मास्तरांनी सगळ्यात वरच्या फळीवरून एक बैल काढला. त्याच्या पुढ्यात चिठ्ठी नव्हती. तो तिच्यापुढं ठेवून ते खाली बसले, आणि पहिल्यांदाच मी त्यांना राग नसताना आमच्यासारखं बोलताना ऐकलं.

"गंगूबाई, ह्यो सदूचा. मी गावात नवा हुतो. पोटाखाली केवढा थोरला अंगठा! मी भर वर्गात म्हनलो, ह्यो तुझ्या बापानं केलाय. पोरानं बैल ठेवला, भाईर गेलं, ते परत शाळंत आलं न्हाई. तुमच्या घरात बाप्या मानूसच न्हाई, ह्ये मला मागनं कळलं. तवापासनं मी एकाचाबी अंगठा घालून बघितल्याबिगर बोलत न्हाई."

म्हणजे हा सगळा फौजदारीपणा त्या दिवसापासूनचा. शाळेत उशिरा घातलेलं, मोट हाकून हाड तयार झालेलं तेरा वर्षांचं पोर, त्याचा अंगठा मोठा असणारच की! मास्तरांनी तो नुसता डोळ्यांनी मापला होता.

काकूनं बैल उचलला. वरून बघितलाच नाही. आडवा केला, पोटाखालच्या खळग्यात आपला अंगठा ठेवला आणि तसाच ठेवून बसली. मग म्हणाली, "बापावानीच रुंद हुता त्येचा. तुमचं एकट्याचं न्हाई चुकलं मास्तर, समद्यास्नी तसंच वाटायचं."

मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय ते फार म्हातारे दिसले. म्हणाले, "घेऊन जावा. पर उद्याच्या दिस माज्याकडं ऱ्हाऊ द्या. उद्या मी सोता आनून देतो."

इतक्यात हणम्याला शिंक आली आणि मी धाडकन खाली. हणम्या पळाला. मास्तर बाहेर आले. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्यांनी हाताला धरून आत नेलं, माझा बैल पुढं ठेवला आणि विचारलं, शिंगं कुणाची? मी म्हणालो, आबांची. "मोड," म्हणाले. मोडली. परातीत माती भिजवून दिली. मी दोन शिंगं लावली, एक सातारला बघत होतं आणि एक सांगलीला. गंगूकाकू डोळे पुसत पुसत हसली.

सोमवारी दिपोटी आले. टेबलावर त्या साली सगळेच बैल होते. माझ्या बैलाच्या गळ्यात 'स्वहस्ते' होतं. दिपोटींनी त्याला बकरीच म्हटलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. सगळ्यांच्या पुढं मधोमध एक जुना, तडा गेलेला बैल होता. साहेबांनी तो हातात घेतला, चिठ्ठी वाचली, 'सदाशिव पवार, इयत्ता चौथी, स्वहस्ते.' म्हणाले, हात आहे मुलाचा. कुठं आहे तो? उभा करा.

मास्तर टेबलाची कड धरून उभे होते.

"आज गैरहजर आहे, साहेब."

साहेबांनी मान डोलावली आणि पुढं गेले.

शाळा सुटल्यावर मास्तरांनी खोलीला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि नेहमीसारखे गैरहजर मुलाच्या घरी निघाले. छत्री शाळेतच राहिली होती. काखेत बैल होता.