आजोबांची बदली

वाघ जवळपास असला की संसार टिकतात, या सत्याची पर्यावरणशास्त्राने अजून गांभीर्याने दखल घेतलेली नाही.

सुमात्राच्या डोंगरातल्या त्या गावात वाघाला 'आजोबा' म्हणत. (नुसतं वाघ म्हणणं उद्धटपणाचं.) आजोबा दिसले की गावात कोणीतरी पाप केलंय, असा पूर्वापार नियम. मग दिवेलागणीला सगळे पुरुष घरात. युस्निदारचा नवरा शाफ्रिल तर तान्ह्या लेकीला झोके देऊ लागला. रानडुकरंही लांब राहिली आणि युस्निदारचा मका (जमीन बाईचीच, नवरा फक्त वस्तीला) कणसांवर आला. लेकीची वर्षाची बेगमी त्या मक्यावर होती.

एवढी नैतिक उन्नती पुरुषांना झेपेना. कॉफीच्या टपरीवरचा डोमिनोचा डाव मोडला. सबब, जनतेच्या सुरक्षिततेसाठी समिती नेमली गेली, पिंजरा आला, बकरी आली आणि आजोबांची दूरच्या अरण्यात सन्मानपूर्वक बदली झाली.

परिणाम तत्काळ दिसले. टपरीवरची गर्दी तिप्पट झाली आणि डुकरं मक्यात शिरली. (डुक्कर गावात कोणी खात नाही. जे खात होते त्यांची बदली झालेली.)

"अहो, अर्धा मका गेला की!" युस्निदार म्हणाली.

"मग मी काय डुकरांना पत्र लिहू?" म्हणत शाफ्रिल डाव मांडायला गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे युस्निदार लेकीला पाठीशी बांधून टपरीकडे गेली. वाटेवरच्या चिखलात तिने करवंटी दाबली, पुढे चार बोटं टेकली. असे बरेच ठसे झाले. लेकीला खाली उतरवताच तिनेही खिदळत आपला इवलासा पंजा उमटवला.

समितीने पाहणी करून निष्कर्ष काढला: आजोबा परतले आहेत, सोबत पिल्लू आहे.

दुपारपर्यंत सात नवऱ्यांनी पापं कबूल केली. (आरोप कोणीच केला नव्हता.) शाफ्रिलचा नंबर आठवा.

"आता गं काय करायचं?" गावप्रमुख असलेल्या मामांनी युस्निदारला विचारलं.

"मामा, आजोबांना घालवल्यापासून त्यांचं डुकरं हाकायचं काम राहिलंय, ते कोणीतरी करायला नको का? पाप्यांनीच करावं."

डुकरं त्या ठशांना फसली नव्हती. ती वास घेऊन खात्री करतात. पण आता संध्याकाळ झाली की मक्याभोवती आठ नवरे पत्र्याचे डबे बडवतात. उरलेला मका वाचला. आजोबा हेच काम एकटे, गुपचूप करायचे, आणि मध्येच कॉफी मागत नसत.

वाचकांना हसू आलं असेल तर आनंदच आहे. फक्त उद्या आपल्या दाराशी चिखलात पंजा दिसला, तर आधी वाकून वास घ्याल की कबुली द्याल, एवढं ठरवून ठेवा. आणि कबुलीच द्यायची असेल, तर कोणती ते घरात आधी विचारून घ्या. बहुतेक घरच्यांना ती माहीत असते.