आधी तुम्ही बोला

मनाचा भार हलका करायला तज्ज्ञाकडे जाणं ही आता लाजिरवाणी बाब राहिलेली नाही, असं आमच्या लेकीने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं आणि ते सर्वानुमते मंजूर झालं. भार जिच्या मनावर होता तिचं मत विचारण्याची पद्धत आमच्याकडे नाही.

मला झोप लागत नव्हती. कारण एका वाक्याएवढं होतं: "जिन्याखालची अडगळीची खोली मला द्या, आतून कडी बसवून." पहाटेची प्रार्थना मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच करते, आणि देवाचं नाव अर्ध्यावर असताना कोणाला तरी मोजे हवे असतात. वाक्य कधीचं तयार होतं. पण माझं एक रोजचं व्रत आहे. समोरच्याचं बोलणं पुरं झाल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही. आणि आमच्या घरात बोलणं पुरं असं होत नाही. माणसं थांबतात ती श्वास घ्यायला. त्यातच ह्यांनी त्या खोलीसाठी व्यायामाचं यंत्र ठरवलं. ते यायच्या आत वाक्य बाहेर पडायला हवं होतं.

समुपदेशन केंद्रात पहिल्या भेटीत काय अपेक्षित आहे, याचा फलक भिंतीवर होता. 'येथे आपणांस मध्येच तोडले जाणार नाही.' मी तो दोनदा वाचला. माझे डोळे भरून आले.

समुपदेशक बाई वयाने लहान, फार गोड. म्हणाल्या, "बसा ताई. ही वेळ तुमची आहे." मग थांबल्या.

मी वाट पाहिली. श्वास घेत असतील. त्यांनी मान किंचित कलती केली. मीही केली. भेट संपेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडे अत्यंत आदराने पाहत होतो.

"तुमच्यात तीव्र प्रतिकार आहे," उठताना त्या हळूच म्हणाल्या. "कुटुंबाचा सहभाग लागेल."

पुढच्या भेटीला हे आले. "हिच्याबद्दल मी सांगतो," म्हणून बसले आणि वरिष्ठांनी त्यांची बढती कशी खाल्ली ते सांगू लागले. तिथून ते स्वतःच्या गुडघ्यावर आले, आणि गुडघ्यावरून, का कोण जाणे, वडिलांवर. बाहेर पडताना त्यांचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. "बघ, किती बरं वाटतं बोललं की," ते मला म्हणाले. "तूही बोलत जा."

मग सासूबाई. "मला काही झालेलं नाही हं. हिला सोबत म्हणून आलेय." एवढं बोलून त्यांनी धाकट्या बहिणीशी धरलेल्या अबोल्याची पहिल्यापासूनची हकीकत सांगायला घेतली. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर लेक आली. तिच्या मते घरात तिचं कोणी ऐकत नाही. हे सांगायला तिला संपूर्ण भेट लागली.

आम्हा सगळ्यांची प्रगती उत्तम असल्याचं बाईंनी कळवलं. मग एकदा मी एकटीच गेले. दार लावलं, बसले, तोंड उघडलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, रागावणार नाही ना? दिवसभर मी लोकांचं ऐकते. माझं कोण ऐकणार?" त्यांच्या दोन्ही जाऊबाईंची हकीकत पुरी व्हायला अख्खी भेट लागली. शेवटी माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्यात उपजत उपचारशक्ती आहे."

बाईंची शिफारस थेट घरी आली: कुटुंबात मन मोकळं करण्यासाठी एक स्वतंत्र, शांत जागा असावी. बैठक बसली. हे उभे राहिले. "यंत्र रद्द. जिन्याखालची खोली हिला द्या. कडीसुद्धा आतून."

मला हुंदका आला. देवाला एवढं लांबून ऐकू गेलं. मी न बोलताच.

दुसऱ्या दिवशी अडगळ निघाली, भिंतीला रंग लागला, कडी बसली. संध्याकाळी ह्यांनी दोन खुर्च्या आत नेल्या.

"दोन कशाला?" मी विचारलं. व्रत घेतल्यापासून मी असं आपणहून पहिल्यांदाच बोलले.

"अगं, एक तुझी," हे समजुतीने म्हणाले, "आणि एक ज्याची पाळी असेल त्याची."

"पहाटे माझी पाळी," सासूबाई म्हणाल्या. "त्या वेळी ही तशीही उठलेलीच असते."

आता खोली नियमित चालते. जिन्यावर रांग असते, पण शिस्तीची. शनिवारी समुपदेशक बाई स्वतः येतात, आणि अवघड माणसं सोबत आणतात. कडी खरंच आतून लागते. मी आत असते आणि कोणीतरी असतंच. प्रार्थना मी हल्ली मनात करते, समोरचा श्वास घेतो तेवढ्यात. देवाला सवय झाली असावी. तोही मध्ये बोलत नाही.

एक मात्र आहे. आज तुम्ही मला इतका वेळ बोलू दिलंत, मध्ये एकदाही तोडलं नाही. मला कोण बरं वाटलं. माझं एक नवं वाक्य तयार आहे, ते आता तुम्हालाच सांगून टाकावं म्हणते...

पण तुम्ही मघापासून चुळबुळ करताय. जाऊबाईंचा विषय निघाला तेव्हापासून. तुमच्याही घरचं काहीतरी आठवलंय, चेहऱ्यावर दिसतंय.

राहू दे माझं. या, बसा. कडी लावते. आधी तुम्ही बोला.