जालन्याला राहिलेला लेख

हन्ना उजगरे यांचा लेख पाहुणा म्हणून जालन्याला गेला आणि परत यायला तयार होईना.

लेखांनी पाहुणे म्हणून जाणं ही काही नवी गोष्ट नव्हती. ब्लॉग लिहिणाऱ्यांत तो रिवाजच आहे. एकाचा लेख दुसऱ्याच्या ब्लॉगवर चार दिवस राहायला जातो, तिथल्या वाचकांना भेटतो, त्यांनी घातलेल्या कॉमेंटी खातो आणि आपल्या घरी येतो. हन्नाबाईंचे आधीचे दोन लेख असेच जाऊन आले होते. त्यातला एक वसईहून परतला तेव्हा जरा सर्दावलेला होता, पण उन्हात बसवल्यावर बरा झाला.

हा तिसरा लेख मात्र वेगळा होता. हन्नाबाई नगरच्या एका मिशन शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या ब्लॉगचं नाव 'चिमूटभर मीठ'. त्यांचे यजमान मनोहरराव गेल्यानंतर बराच काळ त्यांनी त्यावर काहीच लिहिलं नव्हतं, आणि मग एका दुपारी हा लेख एका बैठकीत लिहून झाला. दफनानंतरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये मंडळी गीत गायला उभी राहिली, त्याही उभ्या राहिल्या आणि तोंड उघडेना, एवढीच त्यातली हकिकत. पुढे एक वाक्य होतं : 'वर्षभर मी देवाशी बोलले नाही. तोही बोलला नाही.' लेख अंगानं किरकोळ होता, पण ताठ होता. घरी असताना त्याला एकच कॉमेंट मिळाली. संगमनेरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'मलाही असंच झालं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.' तेवढ्यावर लेखानं बरेच महिने काढले आणि कधी भूक लागली म्हणून कुरकुर केली नाही.

मग जालन्याच्या दयासागर लोंढे यांचं आमंत्रण आलं. लोंढे यांचा 'स्थिर नांगर' हा ब्लॉग मोठा. आशा हा जिवाचा, गलबताला असतो तसा नांगर, या अर्थानं त्यांनी ते नाव ठेवलं होतं. शेतीचा नांगर शोधत तिथे पोचलेले काही वाचकही होते, पण आले ते राहिले. लोंढ्यांनी लिहिलं, 'ताई, तुमचा लेख आमच्याकडे पाठवा. आम्ही त्याचं नीट करू.'

हन्नाबाईंनी लेखाला तारकपूर स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं. कंडक्टरनं वय विचारलं. हन्नाबाई म्हणाल्या, "लेख आहे." कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं आणि त्याला खिडकीशी जागा दिली.

चार दिवस झाले, आठ झाले. लेख आला नाही. आला तो श्रीरामपूरहून नणंदेचा, सुमतीचा फोन.

"वहिनी, वाचलं गं तुझं नांगरावर. फार छान. दादा गेल्यावर तू वर्षभर देवाशी इतकं बोलत होतीस, आम्हाला पत्ताच नाही."

"काय बोलत होते?"

"असं लिहिलंयस ना तू. वर्षभर मी देवाशी अधिकच बोलले. मी तर आमच्या महिला सभेत वाचून दाखवलं. सगळ्यांनी डोळे पुसले."

हन्नाबाईंनी फोन ठेवला आणि 'स्थिर नांगर' उघडून पाहिलं. लेख तिथे होता, पण ओळखू येत नव्हता. पोट सुटलेलं, गाल वर आलेले. प्रत्येक सांध्यात एकेक वचन बसवलेलं. मध्ये तीन उपशीर्षकं उगवली होती : 'दुःखाचा स्वीकार', 'दुःखावर विजय' आणि 'आता तुमची पाळी'. डोक्यावर सूर्यास्ताचा फोटो होता. तोंड न उघडण्याची हकिकत कुठेच नव्हती. त्या जागी हन्नाबाई सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गात होत्या. खाली लोकांनी आमेन घातले होते, ताट भरून वाहील इतके.

गॅसवरचं दूध उतू गेलं ते त्यांना कळलं नाही. राग त्यांना नवीन नव्हता, शाळेत तो रोज लागायचा. पण हा राग वेगळ्या ठिकाणाहून आला. मनोहररावांच्या मागे काढलेलं एक खरं वर्ष त्यांच्याजवळ होतं, आणि कुणीतरी ते चापूनचोपून गोड करून परक्या पंक्तीत वाढलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या जालन्याला गेल्या.

लोंढे सज्जन गृहस्थ होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं हळू. त्यांच्या पत्नीनं, करुणाबाईंनी, शिरा केला होता. लेख आतल्या खोलीतून आला आणि हन्नाबाईंच्या समोर न बसता लोंढ्यांच्या शेजारी बसला.

"चल घरी," हन्नाबाई म्हणाल्या.

"नमस्कार, भगिनी," लेख म्हणाला.

घरी तो त्यांना बाई म्हणायचा.

"तुझं ते वाक्य कुठं आहे?"

लेखानं लोंढ्यांकडे पाहिलं. लोंढे म्हणाले, "ताई, ते वाक्य आम्ही त्याला सोडायला सांगितलं. जबरदस्ती नाही केली. पाहुण्यानं घरच्यांना अवघडून टाकू नये, एवढंच म्हटलं. आमच्याकडे दुबळ्या विश्वासाची माणसं येतात वाचायला."

"म्हणून त्यांना खोटं वाढायचं?"

"पचेल ते वाढायचं."

"लोंढेसाहेब, मी वर्षभर बोलले नाही देवाशी. ते वर्ष माझं आहे. तुम्ही ते परस्पर देवाला देऊन टाकलंत."

करुणाबाई शिऱ्याची वाटी पुढे करता करता थांबल्या. लोंढ्यांनी शांतपणे पाहुण्या लेखांचे नियम समजावून सांगितले. प्रकाशित झालेला लेख सज्ञान समजला जातो. तो कुठे राहील हे तो ठरवतो. यजमानानं त्याच्या जेवणाखाणाची सोय करायची. लेखकाचा हक्क शेवटी येणाऱ्या परिचयाच्या दोन ओळींपुरता.

हन्नाबाईंनी त्या दोन ओळी वाचल्या. 'हन्ना उजगरे या नगर येथील आनंदी गृहिणी आहेत. त्यांना बागकामाची आवड आहे.'

"माझ्याकडे बाग नाही," त्या म्हणाल्या.

"ते सर्वांनाच घालतो आम्ही," लोंढे म्हणाले.

हन्नाबाई लेखाकडे वळल्या. "तू सांग. तुला इथं राहायचंय?"

लेखानं थोडा वेळ आपल्या उपशीर्षकांशी चाळा केला. "तुमच्याकडे मला एक बाई भेटली," तो म्हणाला. "चांगली होती. पण इथं रोज माणसं येतात. मला बघून त्यांना बरं वाटतं. तुमच्याकडे मला बघून कुणाला बरं वाटत नव्हतं."

"तिला वाटलं होतं."

"तिला बरं नाही वाटलं. तिला एकटं नाही वाटलं. ते वेगळं."

हे त्यानं बरोबर सांगितलं, आणि त्याचाच हन्नाबाईंना जास्त संताप आला. एवढं कळत असूनही तो उठला नाही. शिरा न खाता त्या निघाल्या.

नगरला येऊन त्यांनी पाळकसाहेबांना गाठलं. रेव्हरंड बोर्डे यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लेखाचा बाप्तिस्मा झाला होता का?"

"लेखाचा कसा होईल?"

"नाही झाला, म्हणजे मंडळीला त्याच्यावर अधिकार नाही," बोर्डे म्हणाले. "झाला असता तर एक पत्र दिलं असतं."

तोडगा शेवटी सुमतीनं काढला. आपण महिला सभेत काय वाचून दाखवलं हे कळल्यापासून ती वहिनीच्या घरी येऊन राहिली होती आणि ओशाळी होऊन भांडी घासत होती. "वहिनी," ती नळ बंद करून म्हणाली, "तुझा पाहुणा त्यांनी ठेवून घेतला ना? मग परतभेट कुठं आहे? रीत आहे की नाही? त्यांचाही एक यायला पाहिजे."

हन्नाबाईंनी त्याच दुपारी लोंढ्यांना कळवलं. लोंढे नियम पाळणारे असल्यामुळे त्यांनी हरकत घेतली नाही. आठवडा संपायच्या आत त्यांचा स्वतःचा, सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख तारकपूर स्टँडवर उतरला. 'संकटातही हर्षित राहण्याचे सात मार्ग' असं त्याचं नाव होतं. तो इतका लठ्ठ होता की त्याला रिक्षात आडवं बसवावं लागलं.

हन्नाबाईंनी त्याला 'चिमूटभर मीठ'वर जागा करून दिली. त्याला हात लावायचा नाही, हे त्यांनी स्वतःला बजावलं होतं. स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही, आणि शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला ते किती जड गेलं असेल हे सुमतीला दिसत होतं, कारण लेखात 'हर्षित'चा 'र्षि' दोन ठिकाणी चुकला होता.

पहिले काही दिवस लेख आमेनची वाट पाहत ओट्याशी बसला. आमेन आले नाहीत. 'चिमूटभर मीठ'चे वाचक मोजके, आणि ते वाचून गप्प राहणारे. लेख बारीक होऊ लागला. आधी सूर्यास्त गेला. मग सातवा मार्ग गळून पडला, त्याच्यामागून सहावा. सांध्यांतली वचनं सैल झाली तेव्हा हन्नाबाईंनी ती उचलून बायबलात आपापल्या जागी नेऊन ठेवली. उरलेले पाचही मार्ग गेले तेव्हा सुमती घाबरली.

"मरेल गं तो."

"नाही मरणार. तळाशी काहीतरी असेल," हन्नाबाई म्हणाल्या. "असल्याशिवाय कुणी लिहायला बसत नाही."

आणि होतं. एका सकाळी लेख उठला तेव्हा त्याचा फक्त एक परिच्छेद उरला होता. तो तोंडावर पाणी मारून आला आणि म्हणाला, "बाई, ही माझी सुरुवात होती. नंतर मला यावर बांधलं."

परिच्छेदात लिहिलं होतं : धाकटा भाऊ गेला त्या दिवशी भावजय मोठ्यानं रडत होती. मी तिला म्हटलं, लोक बघताहेत, आपल्या विश्वासाची साक्ष बिघडते. ती गप्प झाली. मग मी विहिरीमागे गेलो आणि तोंडात रुमाल कोंबून रडलो. त्यानंतर भावजय माझ्या घरी आलेली नाही.

हन्नाबाईंनी ते वाचलं आणि चष्मा पुसला. राग गेला नाही, उलट त्याला आणखी एक धार आली. या माणसाला माहीत होतं. तोंड का बंद होतं, हे त्याला पुरतं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी लोंढे स्वतः आले. दारातच उभे राहिले. शर्ट पांढराच होता, पण बटण एक घर चुकलेलं होतं.

"तुम्ही त्याला उपाशी ठेवलंत," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "मी तुमच्या लेखाला चार घास घातले, आणि तुम्ही माझ्याला उघडा केलात. तो परिच्छेद माझा खाजगी आहे."

"मी हात लावलेला नाही. तुमच्या चुकासुद्धा तशाच आहेत. आमच्याकडे जे आहे ते त्याला वाढलं."

"काय आहे तुमच्याकडे?"

"मीठ," सुमती आतून म्हणाली.

लेख बाहेर आला आणि लोंढ्यांच्या समोर बसला. लोंढ्यांनी त्याला बराच वेळ ओळखलं नाही, मग ओळखलं. ते खाली बसले. त्यांनी तो परिच्छेद सावकाश वाचला, शेवटच्या ओळीपाशी थांबले, मागे जाऊन पुन्हा वाचला.

"हे सगळ्यांना दिसतं?"

"दिसतं," हन्नाबाई म्हणाल्या. "नेऊ शकता. तुमचा लेख आहे. मी कुणाचा पाहुणा अडवून ठेवत नाही."

लोंढ्यांनी लेखाला विचारलं, "येतोस?"

"तुम्ही म्हणाल तसं," लेख म्हणाला. "पण तिथं मला परत खायला लागेल."

खिशातलं पेन काढून लोंढ्यांनी पहिल्या ओळीत भाऊ या शब्दाच्या मागे त्याचं नाव लिहिलं, एलिया. मग पेन परत खिशाला लावलं.

"राहू द्या याला," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तुमच्या लेखाचं मात्र मला काही करता येणार नाही, ताई. तो सज्ञान आहे. आणि खरं सांगायचं तर लोकांचा त्याच्यावर जीव जडलाय."

"त्याच्यावरून मी तुमच्याशी भांडणार आहे," हन्नाबाई म्हणाल्या. "चांगली भांडणार आहे. आधी जेवून घ्या."

पिठलं होतं, भाकरी होती. लोंढे जेवले. ताटं उचलल्यावर हन्नाबाईंनी पदर खोचला आणि सुरुवात केली. दुबळ्या विश्वासाची माणसं कुणाला म्हणता, इथपासून ते माझ्या नवऱ्याच्या मरणावर उपशीर्षकं कुणी घातली, इथपर्यंत त्या एका दमात गेल्या. लोंढ्यांनीही उत्तरं दिली. काही उत्तरं बरी होती आणि काही त्यांनाच ऐकवली नाहीत. मध्येच त्यांनी विहिरीमागचं आणखी काही सांगितलं, जे परिच्छेदात नव्हतं, आणि हन्नाबाईंनी ते ऐकून घेतलं, पण आपला मुद्दा सोडला नाही.

भांडण अर्ध्यावर असताना जालन्याची गाडी सुटायची वेळ झाली. लोंढे घड्याळाकडे पाहून उठू लागले.

"बसा," हन्नाबाई म्हणाल्या. "माझं झालेलं नाही."

त्यांनी लेखाला स्टँडवर पाठवलं आणि गाडी थोडा वेळ थांबवायला सांगितली. लेख आता हलका झाला होता, पळत गेला. गाडी थांबली.