सोळा टेबलांचं रुखवत

[बंब. तांब्याचा. उंची अंगठ्याएवढी. खरंच पेटतो.]

"सांगलीत माणूस उतरला की आधी गणपती बघेल आणि मग माझं संग्रहालय!" असं विष्णुपंत मायदेवांनी छातीवर हात मारून जाहीर केलं, तेव्हा ते संग्रहालय त्यांच्याच पलंगाखाली होतं. पलंगाखाली, कपाटावर, डाळीच्या डब्यांत, आणि पाहुणा आला की पाहुण्याच्या उशाशी.

भातुकली हो! पण खेळण्यातली नव्हे. सुपारीएवढं जातं, आणि त्यातून पीठ पडायचं. बोटभर सोऱ्या, त्यातून दोऱ्यासारखी शेव. विष्णुपंत बँकेतून आले की कानस घेऊन बसत, शरयूताई रुपयाएवढ्या गोधड्या शिवत आणि अबोली, म्हणजे एकुलती लेक, भांड्यांना चिंच लावत बसे. वीस वर्षं हेच. बंब पहिल्यांदा पेटवला तेव्हा शरयूताईंच्या पदराला भोक पडलं. भोकही प्रमाणात, मोहरीएवढं!

चौऱ्याण्णव साली नगरपालिकेतले एक साहेब म्हणाले, "वाचनालयावरच्या दोन खोल्या देऊ. पण लोक बघायला येतात, हे आम्हाला दिसू दे."

लोक! लोक कुठून आणायचे? विष्णुपंतांनी आठवडाभर डोकं खाजवलं आणि एकदम उभेच राहिले.

"अगं, अबोलीचं लग्न!"

"त्याचं काय?"

"पाचशे माणसं! आंघोळ करून, नवे कपडे घालून, पंगत बसेपर्यंत रिकामी! कार्यालयातच मांडतो सगळं. साहेबांनाही पत्रिका देतो."

शरयूताईंनी लाटणं खाली ठेवलं. "आणि माझं रुखवत कुठं मांडू? तुमच्या डोक्यावर?"

"बघतो की!"

त्यांनी बघितलं. उजेड चांगला म्हणून बोहल्यासमोरची सोळाच्या सोळा टेबलं संग्रहालयाला. रुखवत, म्हणजे पाच लाडू, साखरेचं तुळशीवृंदावन आणि भरतकामाच्या दोन उश्या, मागं गॅसच्या सिलिंडरजवळ.

[वरमाय. साताऱ्याची. रुसलेली.]

आदल्या दिवशीच्या सीमांतपूजनाला उपमा गार होता म्हणून सुलाबाई फुगून बसल्या होत्या. टेबलं दिसली आणि फुगा फुटला.

"अगं बाई! हे सगळं घरी केलंत?"

"सगळं!" विष्णुपंत फुलले. "वीस वर्षं लागली."

"वीस! म्हणजे अबोली रांगत होती तेव्हापासून?"

"साधारण तेव्हापासूनच."

सुलाबाईंच्या डोळ्यांत पाणी. "इतकी माया कुठल्या बापानं केली नसेल हो!"

"मायाच ती. आता एवढीच इच्छा, चार लोकांना बघायला मिळावं."

"मिळेल तर! आम्ही काय माळ्यावर टाकतोय?"

या 'आम्ही'त नेमकं कोण कोण येतं, ते तिथल्या तिथं विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात साहेब आले! गर्दी बघून त्यांच्या भुवया टोपीत गेल्या. "खोल्या मिळाल्या समजा, मायदेव! सोमवारी मांडा!" असं म्हणून ते श्रीखंडाकडे वळले.

त्यानंतर विष्णुपंत जमिनीवर नव्हते. मंगलाष्टकं कधी संपली, जावयाचं नाव काय, काहीच कळलं नाही.

[टेबलं. सोळा. फक्त चादरी.]

पाठवणीच्या वेळी ते बंबाला डोळे भरून बघायला आत गेले, तर आत भांडी घासणाऱ्या हरणाबाई चादरींच्या घड्या घालत होत्या.

"इथलं सगळं कुठं गेलं?"

"रुखवत व्हय? टेंपोत! साताऱ्याच्या बायांनी एकेक नग कापसात गुंडाळून न्हेला. लय निगुतीनं!"

विष्णुपंत अनवाणी धावले. टेंपो सुरू झाला होता.

"थांबा! थांबा! माझं... माझं..."

"बापाचं काळीज!" कुणीतरी हुंदका दिला. पाठोपाठ सगळा मांडव रडू लागला. बँडवाल्यानं सनई सोडून नाक पुसलं.

टेंपोवाला नावानं गुंडा, गावानं तासगावचा, मनानं मऊ. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून विष्णुपंतांचा हात धरला. "आवं काका, रडू नगा. लेक लय चांगल्या घरी चाललीय."

"अरे, लेक ने! बंब ठेव!"

पुढच्या गाडीतून अबोलीनं बापाकडं असं बघितलं की तांबं वितळावं.

"दुःखानं भ्रमिष्ट झालेत हो," असं म्हणत शरयूताईंनी त्यांना ओढत आत नेलं. आत नेल्यावर जे म्हणाल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

[बाप. हाडामांसाचा. एस.टी.त, खिडकीशी.]

रुखवत परत मागणं म्हणजे वाढलेल्या पानातला लाडू उचलणं! पण सोमवार तोंडावर आला. शरयूताईंनी सिलिंडरजवळचं खरं रुखवत पिशवीत भरलं. "हे द्या, ते आणा. आणि आधी लेकीची चौकशी करा, बंबाची नव्हे!"

रविवारी विष्णुपंत साताऱ्यात. सुलाबाईंच्या दारात बायकांची रांग! आत सोफ्यावर, टीव्हीवर, फ्रिजवर संग्रहालयच संग्रहालय. मधोमध अबोली, हातात फूटपट्टी.

"हे जातं. माझ्या बाबांनी केलं. आणि ही चकाकी माझी बरं का! हात लावाल तर याद राखा!"

लहानपणापासून मुकाट्यानं चिंच लावणाऱ्या पोरीला असा खणखणीत आवाज आहे, हे विष्णुपंतांना आजच कळलं. तिची चौकशी करायचं राहूनच गेलं. पण धीर करून त्यांनी पिशवी पुढं केली.

"विहीणबाई, जरा घोटाळा झालाय. खरं रुखवत हे. ते नव्हे."

सुलाबाईंनी लाडवांकडं बघितलं. मग रांगेकडं.

"अरे देवा! मग न्या की परत. आमचं चुकलंच. पण मी तर आमच्या महिला मंडळाची जागासुद्धा मागून ठेवली हो. कायमची! संग्रहालय करायचं, तुमच्या नावानं. पाटी रंगतेय तिकडं."

"माझ्या नावानं?"

"मग काय माझ्या?"

झालं! सांगली, साहेब, सोमवार, सगळं विष्णुपंतांच्या डोक्यातून गळून पडलं. "राहू दे मग इथंच," ते म्हणाले. (सांगलीच्या खोल्यांत पुढं टायपिंगचा क्लास निघाला. चांगला चालला.)

सगळी वरात पाटी बघायला निघाली. शिडीवर नाथाजी पेंटर शेवटच्या अक्षराला सोनेरी कड काढत होता.

कै. विष्णुपंत मायदेव भातुकली संग्रहालय

"अहो, मी जिवंत आहे!"

नाथाजीनं खाली वाकून त्यांना नीट बघितलं. "व्हय की," त्यानं मान्य केलं. "पर असल्या पाट्यांवर नावाम्होरं कै. असतंच. मला वाटलं, बाई दुःखात सांगायचं इसरल्या."

"खोडा ते!"

"खोडलं तर डाग दिसंल. आन् खोडायचं तरी कशापायी, काका? आज ना उद्या लागणारच हाय!"

सुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. अबोली म्हणाली, "अक्षर मात्र सुरेख आहे, बाबा."

पाटी तशीच राहिली. उद्घाटनाच्या दिवशी विष्णुपंत कोपऱ्यात उभे राहून आपल्याच बंबाकडं बघत होते. शेजारच्या एका आजींनी डोळे टिपले.

"फार गुणी माणूस होता हो! तुम्ही त्यांचे कोण?"

आता काय सांगायचं? मागं रांग खोळंबलेली, आणि आजी तर मनापासून रडत होत्या.

"लांबचा," विष्णुपंत म्हणाले.