बाराव्या घरचा शब्द

“कागदावर लिहू नको मामा. आणि सगळं एकाच जागी ठेवू नको,” मुंबईच्या भाच्यानं, चंदननं, फोनवर दोनदा बजावलं होतं.

नाथूनं ते तंतोतंत पाळलं. आणि मग एक दिवस महाडच्या कारखान्यातून पाळी संपवून येताना बसमध्ये बसल्या जागी गेला.

शेअर बाजारानं व्यवहार ब्लॉकचेनवर नेले, तेव्हा नाथूला कारखान्यातून मिळालेले शेअरही तिकडं गेले. आता हिशेबाची वही एका कचेरीत नसते, हजार संगणकांवर सारखीच असते, कुणाला खाडाखोड करता येत नाही, असं चंदननं समजावलं होतं. उघडायला बारा इंग्रजी शब्दांची किल्ली. ती हरवली की संपलं. हजार ठिकाणची वही नाथूला फार आवडली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी, त्याचं सोडून बारा घरांची. त्यानं खालून वर चढत दर घरी एकेक शब्द सांगितला आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली.

शुक्रवारी नाथूच्या लेकीच्या, नूतनच्या, नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते. ते या शेअरांतच अडकले होते. चंदननं मदतकेंद्राला फोन लावला.

“किल्ली कुणाकडे होती?”

“मालकांकडे.”

“मग मालकांनाच विचारा.”

“मालक गेले.”

“परत कधी येतील?”

नाथूची बायको भागूबाई घरोघर फिरली. पहिल्या घरची शकू म्हणाली, “शपथ हाय वैनी. मोडली आणि माझ्या म्हशीला काय झालं तर?”

दुसऱ्या घरच्या रामानं सांगितलं, “नाथूदादानं शपथ सोडवली तर आत्ता बोलतो.”

“ते आता कसे सोडवतील रे?”

“तेच तर.”

दहाव्याला सगळी वाडी सावित्री नदीच्या काठी जमली. पिंड ठेवला. कावळा समोरच्या झाडावर बसला तो बसलाच. तास गेला.

“त्यांचं काही मागं राहिलंय का?” गुरुजींनी विचारलं.

अखेर शकूनं पिंडाला हात जोडले. “नाथूदादा, तुमचं तुम्हालाच सांगते, म्हंजे शपथ मोडत नाय. लेमन.”

“टनेल,” मागून रामा म्हणाला.

अकरा घरांनी अकरा शब्द पिंडापुढे ठेवले. असले मंत्र गुरुजींनी जन्मात ऐकले नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले. चंदन मोबाइलमध्ये उतरवत होता. कावळ्यानं फांदीवर चोच घासली.

बारावं घर सहदेवचं, नाथूच्या धाकट्या भावाचं. बांधावरच्या फणसावरून नऊ वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. अंत्यविधीला सहदेवनं सरणावर लाकूड टाकलं होतं आणि तसाच निघून गेला होता. आज तर तो आलाच नव्हता.

“मामानं त्यालाच कशाला दिला?” चंदन वैतागला.

“जो आपल्या घराशी बोलत नाय त्याच्याकडनं फुटंल कसा, म्हनले होते,” भागूबाई म्हणाली. “बांधावर गेले, एक शब्द बोलले नि परत आले. नऊ वरसांत तेवढंच बोलनं.”

ती पुढं झाली. हलक्या आवाजात पिंडाशी म्हणाली, “शब्द मिळो, न मिळो. भावजींना मी तेराव्याला आपल्या घरी जेवायला आनते.”

कावळा उतरला आणि शिवला.

वाडीवर परतल्यावर चंदननं तिला गाठलं. “मामी, घाई करा. अकरा शब्द चाळीस माणसांनी ऐकलेत, बारावा मिळाला की कुणीही पैसे काढील. आधी शब्द घ्या, आमंत्रण मागनं.”

“शब्द मी मागनार नाय. तसं मी बोलले नाय तिथं.”

नूतन दारात उभी होती. “आये, शुक्रवार?”

भागूबाईनं पायांत चपला सरकवल्या. “एवढ्या वरसांत तुझ्या काकाला आपल्या घरातनं तेवढा एकच शब्द मिळालाय गो. त्याचा अरथ काय, ते तो इचारंल की.”

पदर डोक्यावर घेऊन ती फणसाखालची, गवतानं बुजलेली वाट चढू लागली.