डेलेनीबाईंच्या उघड्या डोळ्यांची मोहीम

श्री. लिबुशा कसबा, प्रांत नेब्रास्का, येथील कुचेरा घराण्याच्या जिन्याचे भिंतीवर थोरामोठ्यांच्या तसबिरी अकरा, त्यांत बारावी कोण्या पराक्रमे चढली ऐसे पुढे कोणी पुसेल, आणि तोवर जाणते लोक चर्चमागील मातीत कायमचे मुक्कामास गेले असतील, म्हणोन जे डोळां देखिले आणि जे कॉफीच्या टेबलावर वारंवार ऐकिले, ते पदरचे काही न घालितां, म्हणजे थोडेच घालोन, लिहितो. वाचणारांस उणे दिसेल ते क्षमा करावे, अधिक दिसेल ते खरे मानावे.

या मुलखाचा दस्तूर ऐसा जे, शाळेचे बारावे वरीस लागले म्हणजे प्रत्येक लेकराची खाशी तसबीर, जीस सीनियर फोटो म्हणतात, ती काढावी, आणि तीत त्या लेकराचे अवघे राज्य दिसावे, चेंडू असल्यास चेंडू, वाजंत्री असल्यास वाजंत्री, बैल असल्यास बैल, आणि मग ती तसबीर शाळेच्या वार्षिक किताबात छापावी, मावश्यांस वाटावी आणि घरचे जिन्यावर टांगावी. आणि किताबाच्या कारभारीण बाई मोठ्या करड्या, त्यांचे फर्मान ऐसे की, शुक्रवारी सकाळी आठाचे ठोक्यास जो तसबीर दाखल न करील, त्याचे जागी शाळेच्या ओळखपत्रावरील मुद्रा छापिली जाईल, तक्रार ऐकिली जाणार नाही.

हे फर्मान म्हणजे काय चीज आहे हे कुचेरा घराणे पुरते जाणोन होते. सहा वर्षांमागे घरचे ज्येष्ठ चिरंजीव ट्रेव्हरराव यांनी आळस करोन मुदत चुकविली, आणि त्यांची ओळखपत्रावरील मुद्रा ऐन शिंकेच्या क्षणी टिपलेली होती, ती तैसीच किताबी छापिली गेली. आतां ते चोवीस वर्षांचे होऊन धान्यसोसायटीत वजनकाट्यावर बसतात, तरी येणारा प्रत्येक शेतकरी आधी रुमाल पुढे करितो आणि मग मका मोजावयास देतो.

त्यांची धाकटी बहीण डेलेनीबाई, वय वर्षे सतरा, व्हॉलीबॉलात अजिंक्य, ट्रॉम्बोन नामे पितळी वाजंत्रीत बऱ्या. परंतु बाप्तिस्म्यापासोन आजतागायत ज्या तसबिरी निघाल्या त्या सर्वांत त्यांचे डोळे मिटलेले. दिवा लखलखणार ऐसा नुसता सुगावा लागला तरी पापण्या गडाच्या दरवाजासारख्या धाडकन बंद होत. ओळखपत्रावरही डोळे मिटलेले आणि तोंड अर्धे उघडे, जैसे प्रवचनात मागल्या बाकावरील माणसाचे असते.

"मॉम, ते पुस्तक गावच्या लायब्ररीत शंभर वर्षं राहणार आहे," डेलेनीबाई म्हणाल्या. "मी मरून जाईन तरी त्यात झोपलेलीच असेन."

"लायब्ररीत झोपणारी तू पहिली नाहीस," मातुश्री रोंडाबाई म्हणाल्या, पण त्याही मनात चरकल्या होत्या.

पहिली स्वारी ऑगस्टात तळ्याकाठी जाहली. दोनशे बारा तसबिरी निघाल्या आणि दोनशे बाराही झोपलेल्या. दुसरी स्वारी सप्टेंबरात निघाली ती पावसाने चिखलात बुडविली. मग तिसरी आणि अखेरची स्वारी मुदतीच्या आदले दिवशी, शके एकोणीसशें सेहेचाळीस, ऑक्टोबर मासी, बृहस्पतवारी सायंकाळी मुक्रर जाहली. स्थळ, कुचेरांचे घरामागील वीस एकरांचे मक्याचे रान.

या स्थळावरोन आधीच घरांत मोठी मसलत होऊन बसली होती. थोरले धनी लॅम्बर्टआजोबा, वय एक्याऐंशी, यांची अर्जी ऐसी जे, तसबिरीत मागे आपली धान्याची कणगी असावी. ही कणगी जस्ती पत्र्याची, तीस फूट उंच, आणि ती आजोबांनी व कैलासवासी आजीबाईंनी एकेक बोल्ट हाताने आवळोन उभी केलेली. सूनबाई रोंडाबाईंनी अर्जी नामंजूर केली.

"डॅड, सीनियर फोटोत पत्र्याचा डबा कुणी उभा करतं का?"

"डब्यात काय असतं ते खातेस तेव्हा नाही विचारलंस," आजोबा म्हणाले.

मग तह ठरला. कणगी तसबिरीबाहेर राहील, मका पाठीमागे राहील, आणि तसबीर निघेतोवर त्या वीस एकरांस कोणी हात लावणार नाही. आजोबांनी नऊ दिवस तह पाळिला. रोज सकाळी एक कणीस सोलोन दाण्यांची ओल मोजावी, ती पंधरा टक्क्यांवर, म्हणजे कापणीजोगी, आलेली पाहावी, शेजाऱ्यांची रानें कापोन मोकळी जाहलेली पाहावी, आणि उसासा टाकोन कॉफी थंड करोन प्यावी, ऐसा त्यांचा क्रम.

बृहस्पतवारी साडेपांचाचे सुमारास जोलीनबाई हूबर आपल्या व्हॅननिशी दाखल जाहल्या. या बाई प्रकाशविद्येत निपुण, तीस वर्षांत आठशे लेकरांच्या तसबिरी काढून चुकलेल्या. त्यांचे शास्त्र ऐसे की, सूर्य मावळण्यापूर्वीची घटका सोन्याची, तेव्हां लेकरास सूर्याकडे पाठ करोन उभे करावे म्हणजे केसांस सोनेरी कडा येते, आणि मुखावर छाया पडते ती घालविण्यास समोरोन सॉफ्टबॉक्स नामे पांढऱ्या कापडाच्या डेऱ्यांतील दिवा लावावा, म्हणजे उजेड कापडांतोन गाळून, मऊ होऊन येतो. लांब पल्ल्याची दुर्बीण कॅमेऱ्यास चढवावी, तिचे तोंड सताड उघडे ठेवावे, म्हणजे मागील मुलूख लोण्यासारखा वितळतो आणि चेहरा तेवढा ठसठशीत राहतो. आणि सर्वांवर कडी म्हणजे डोळ्यांत उजेडाचा ठिपका पाहिजे.

"डोळ्यात दिवा नसेल तर ते मेलेल्या माशाचे डोळे," जोलीनबाई म्हणाल्या. "आठशे पोरं काढली. एकही मासा नाही."

"डोळे रंगवून टाका ना नंतर कॉम्प्युटरवर," ट्रेव्हररावांनी सल्ला दिला.

"तुझी शिंक रंगवली होती का कुणी?" जोलीनबाईंनी पुसिले, आणि ट्रेव्हरराव व्हॅनमागे दिवे उतरविण्यास निघोन गेले.

मग मोर्चेबांधणी जाहली. मध्यभागी डेलेनीबाई, पायाशी व्हॉलीबॉल, हाती ट्रॉम्बोन, आणि शेजारी त्यांनी दोन वर्षे वाढविलेला काळा बैल, त्याचे नांव बिशप. हे नांव आजोबांनी ठेविले, कारण तो कोणाकडे पाहत नसे आणि सर्वांस आपण पापी आहो ऐसे वाटत असे.

परंतु या मुलखाचा मूळचा गनीम म्हणजे वारा. तो पश्चिमेकडोन सुटला, आणि सॉफ्टबॉक्सचा डेरा शिडासारखा फुगोन डुलो लागला. दिव्याची तिवई धरोन ठेवणाऱ्या वाळूच्या पिशव्या जोलीनबाई आधीच्या गिऱ्हाइकाचे घरी विसरोन आल्या होत्या. तेव्हां ट्रेव्हररावांचे बुद्धीस तेज चढले.

"बिशपला बांधू," ते म्हणाले. "तेराशे पौंडांचा ऐवज आहे. जत्रेत चार तास उभा होता, शेपूटसुद्धा हलवलं नाही."

जोलीनबाईंनी बैलाकडे पाहिले. बैलाने पाहिले नाही. मग पट्टा आवळोन दिवा बिशपाचे गळ्यास बांधिला गेला, आणि सर्वांस वाटले की आतां मेरु हलेल परंतु दिवा हलणार नाही.

पहिली फैर जाहली. डोळे मिटलेले. दुसरी फैर जाहली. डोळे मिटलेले, आणि ट्रॉम्बोनाच्या पितळेत जोलीनबाई उलट्या लटकलेल्या दिसो लागल्या, सबब ट्रॉम्बोन काढोन कुंपणास टेकविला. मग जोलीनबाईंनी ठेवणीतील अस्त्र काढिले. हुकूम ऐसा की, आधीच डोळे मिटावे, तीन म्हणतांच उघडावे, आणि त्याच पळी कळ दाबिली जाईल.

"एक... दोन..."

डेलेनीबाईंनी दोनास उघडिले आणि तीनास मिटिले.

"तीनला, बाळा, तीनला!"

"मला कळतंय हो! पापण्यांना कळत नाहीये!"

चाळीस फैरी जाहल्या. सूर्य दोन हात उरला. रोंडाबाई कुंपणाशी उभ्या राहोन नखे खात होत्या, आणि डेलेनीबाईंचे डोळ्यांत आतां पाणी येऊ लागले.

"राहू दे," त्या हळू बोलिल्या. "झोपलेली तर झोपलेली. मी आणि ट्रेव्हर एका घरचे आहोत हे तरी कळेल लोकांना."

हे ऐकोन ट्रेव्हरराव खाली पाहो लागले. सहा वर्षांत कोणाचे रुमालाने त्यांस इतके लागले नव्हते.

इतक्यांत रानाचे पश्चिमेस दुपारपासोन चाललेला, परंतु फैरींच्या नादांत कोणाचे ध्यानी न आलेला गडगडाट जवळ आला. सर्वांनी पाहिले तो लॅम्बर्टआजोबांचे कापणीयंत्र धुरळा उडवीत येत होते आणि वीस एकरांची पार्श्वभूमी आठ आठ ओळींनी गिळीत होते! त्याचे कारण ऐसे जे, तिसरे प्रहरी रेडिओने वर्तमान सांगितले की उद्यां वावटळ येऊन उभा मका आडवा करील. ते ऐकोन आजोबांनी दोन घटका धीर धरिला, मग तिसरी निघेना. आणि त्यांच्या हिशेबी तह मोडला नव्हता, कारण तसबीर पूर्वेकडे निघत होती आणि ते पश्चिमेकडोन कापीत होते.

"डॅड!" रोंडाबाई किंचाळल्या. "माझं बॅकग्राउंड!"

परंतु या किंकाळीहून मोठा परिणाम बिशपावर जाहला. कापणीयंत्र पुढे गेले म्हणजे मागे कापल्या ताटांत कणसे सांडलेली असतात, हे तो दोन शरद ऋतूंच्या अनुभवे पक्के जाणोन होता. चार तास शेपूट न हलविणारा तो बैल वळला, आणि गंभीरपणे, कोणाकडेही न पाहता, कूच करोन निघाला, आणि त्याचे मागोमाग तिवई, दिवा आणि पांढरा डेरा ऐसे पाडाव केलेल्या सरदारासारखे फरपटत निघाले.

"माझा दिवा!" जोलीनबाई ओरडल्या.

"बिशप! ए बिशप! थांब रे, महाराजा!" ऐसे ओरडत ट्रेव्हरराव त्याचे पाठीस लागले आणि धुरळ्यांत दिसेनासे जाहले.

रोंडाबाई यंत्राकडे धांवल्या. सुनेस येतां पाहोन आजोबांनी यंत्र थांबविले, खाली उतरले, आणि सुरक्षित जागा एकच, ऐसे जाणोन, कणगीस पाठ लावोन उभे राहिले. कणगी रानाचे पूर्वेस. रोंडाबाई तेथे जाऊन आदळल्या, आणि आजोबांस वाचवावे म्हणोन डेलेनीबाईही मधे येऊन कणगीकडे तोंड करोन उभ्या राहिल्या.

"तुम्ही शब्द दिला होता!"

"शब्द दिला होता, पण उद्या वारा येतोय. मका मुलीच्या डोळ्यांची वाट बघत नाही, रोंडा. आणि आठ ओळी ठेवल्यात की! फोटोला किती लागतात?"

"मॉम, ओरडू नकोस त्यांच्यावर. ग्रँडपा, तुम्ही पण ना!"

इकडे जोलीनबाई दिव्याविना, हात चोळीत मागे आल्या आणि सहज डेलेनीबाईंकडे पाहिले, तो जागच्या जागी खिळल्या. मावळता सूर्य मुलीचे पाठीशी होता, आणि धुरळ्यांतोन गाळला जाऊन आठशे सॉफ्टबॉक्सांस लाजवील ऐसा मऊ जाहला होता. शिलकी आठ ओळींच्या शेंड्यांस आग लागल्यासारखी दिसत होती. आणि समोर ती तीस फुटी जस्ती कणगी, तिच्या अवघ्या पत्र्यावर ऊन पडोन परतत होते, आणि तो परतलेला उजेड मुलीचे मुखावर कोमट दुधासारखा पसरला होता. मुखावर छाया म्हणोन नव्हती.

जोलीनबाई सासरे-सुनेचे मधोमध गुडघ्यावर बसल्या, कॅमेरा वर केला आणि ओठ न हलवितां रोंडाबाईंस फर्माविले.

"भांडत राहा. अजिबात थांबू नका."

रोंडाबाईंस याची गरजच नव्हती. त्यांनी वीस एकरांवरोन चार वर्षांमागील नाताळच्या जेवणांत करपलेल्या हंसापर्यंत मजल मारिली, आणि आजोबाही तेथवर हटले नाहीत. दिवा नाही, एक-दोन-तीन नाही, आणि कळ कधी दाबिली जाते हे कोणास कळेना, सबब पापण्यांसही कळेना. इतक्यांत धुरळ्याच्या पोटांतोन आवाज आला, "आ... आ... आच्छी!"

ती ट्रेव्हररावांची शिंक, तीच ती इतिहासप्रसिद्ध.

डेलेनीबाईंचे हसू फुटले, आणि त्या हसल्या त्या डोळे उघडे ठेवोन हसल्या, आणि जोलीनबाईंनी लागोपाठ सव्वीस फैरी झाडिल्या. मग सूर्य गेला. बाईंनी कॅमेऱ्याचे पाठीवरील पडदा पाहिला, आणि पुन्हा पाहिला, आणि तो सर्वांपुढे धरिला.

"मॉम," डेलेनीबाई म्हणाल्या, "माझे डोळे हिरवे आहेत!"

"मला माहितीये, गं. मी पाहिले होते एकदा," ऐसे म्हणोन रोंडाबाईंनी सासऱ्यांचे बाहीस नाक पुसिले, त्यास सासऱ्यांनी हरकत घेतली नाही.

तसबिरीच्या एका कोपऱ्यात, लांब, सोन्याच्या धुरळ्यांत, काळा बैल पांढरा डेरा ओढीत चरतांना दिसतो आणि त्यामागे एक मनुष्य कमरेत वाकोन शिंकतांना. रोंडाबाईंचे मत पडले की तो कोपरा कातरावा. डेलेनीबाईंनी हुकूम केला की कातरू नये, कारण अवघे राज्य दिसावे हाच दस्तूर आहे. "आणि आता किताबात ट्रेव्हरच्या दोन शिंका झाल्या. दुसरी माझ्या कामाची," त्या म्हणाल्या. शुक्रवारी सात वाजोन चाळीस मिनिटांनी तसबीर दाखल जाहली, आणि कारभारीण बाईंनी ती उजेडास धरोन पाहिली आणि नुसते "हं" म्हटले, जे त्यांनी त्या वर्षी दुसऱ्या कोणास म्हटले नाही.

नोव्हेंबरात ती जिन्याचे भिंतीवर चढली. आजोबा भिंग घेऊन पायरीवर उभे राहिले आणि बराच वेळ नातीचे डोळे न्याहाळीत राहिले.

"डेलेनी, इकडे ये. हे काय आहे तुझ्या डोळ्यात?"

"दिवा असतो तो, ग्रँडपा. उजेडाचा ठिपका. जोलीन म्हणते तो लागतोच."

"ठिपका कसला? वर छप्पर आहे, बाजूला शिडी आहे. माझी कणगी आहे ही! दोन्ही डोळ्यांत!" मग भिंग आणखी जवळ नेऊन, "आणि खाली हा काळा ठिपका मी."

"तो बिशप असेल."

"बिशप तुझ्या पाठीमागे होता. हा मीच," ऐसे म्हणोन आजोबांनी भिंग खिशांत घातले आणि आजीबाईंच्या तसबिरीकडे वळोन, जणू नुकतीच कापणी उरकोन घरांत आले, तैसे सांगितले, "आपली कणगी घेतली बरं का त्यांनी शेवटी."

एणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. वीस एकर मका वाऱ्यापूर्वी कणगीत पडला. दिवा एक, आणि डेरा एक, जो बैलाने चघळून टाकिला, कामी आले. हस्तगत जाहले ते ऐसे: डोळे उघडे, नग दोन. कणगी, नग दोन. आजोबा, एक, डाव्या डोळ्यांत. उजव्या डोळ्यांतील ठिपक्याविषयी घरात अद्याप वाद आहे. तो मिटेल तेव्हां लिहिणार लिहील. इति.