चाळीस मुंग्यांची कार्यपद्धती

मुंगीबाईंनी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला, की शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या सासऱ्यांनी तिथूनच विचारलं, "फुटला का?"

"फुटला नाही, बाबा. फोडणार आहे. त्या माणसाचं डोकं."

मुंगीबाई हे नाव इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं. बाई एका महाविद्यालयात मुंग्यांवर संशोधन करायच्या. सहा वर्षं, तीही कंत्राटावर. विभागप्रमुखांनी सांगून टाकलं होतं, की या महिनाअखेरीपर्यंत एखाद्या नामांकित नियतकालिकानं शोधनिबंध स्वीकारला तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा वर्षभराचं कंत्राट आणि पुढचं पुढे. बाईंनी जीव ओतून निबंध लिहिला. प्रस्तावनेवर अकरा दिवस घालवले. चर्चेचा भाग नऊ वेळा बदलला. कार्यपद्धती मात्र एका दुपारी चहा निवायच्या आत उरकली. आपण जे केलं तेच लिहायचं, त्यात कसलं आलंय डोकं!

आणि आज, गुरुवारी, उत्तर आलं होतं. पहिल्या परीक्षकाला निबंध आवडला होता. दुसऱ्यानं लिहिलं होतं, "कार्यपद्धतीचा भाग वाचून कोणाही तिऱ्हाइताला हा प्रयोग करता येणार नाही. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत सुधारणा करून पाठवावी."

"करता येणार नाही म्हणे!" बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "साधी चार वाक्यं आहेत. शेंबडं पोरही करेल!"

"मग करून बघायचं," सासरे म्हणाले. "मी आहे की तिऱ्हाईत."

सासरे चौतीस वर्षं बोल्टच्या कारखान्यात तपासनीस होते. केसाच्या जाडीएवढा फरक दिसला तरी अख्खी गाडी परत पाठवायचे. निवृत्त झाल्यापासून परत पाठवायला काही मिळत नसल्यानं ते जरा सुकलेच होते. बाईंनी रागाच्या भरात कार्यपद्धतीचं पान त्यांच्या हातात कोंबलं आणि म्हणाल्या, "करा. मला एक शब्द विचारायचा नाही. मग बघतेच त्या शहाण्याकडे!"

स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताना माणसाला इतका आवेश कुठून येतो, देव जाणे.

शुक्रवारी संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा नवरा दारातच उभा होता, भुकेनं काळवंडलेला. स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप होतं आणि दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबलेला होता.

"बाबा म्हणतात, आज स्वयंपाक नाही," नवरा म्हणाला. "मुंग्या उपाशी आहेत."

"म्हणजे?"

सासरे शांतपणे पान घेऊन आले. "हे बघ. 'चाळीस कामकरी मुंग्या मऊ कुंचल्याने गोळा करण्यात आल्या.' केल्या. ओट्यामागच्या भिंतीत वारूळ आहेच. 'योग्य जागी ठेवून त्यांना चोवीस तास उपाशी ठेवण्यात आले.' आता योग्य जागा कुठली, ते काही तू लिहिलेलं नाहीस. मुंग्यांना योग्य वाटेल अशी जागा या घरात एकच. तिथंच ठेवल्या. उपाशी ठेवायच्या म्हणून खाण्याचं सगळं बाहेर काढलं."

"सगळं? कुठं?"

"गाडीच्या डिकीत."

"अहो बाबा, प्लास्टिकच्या डब्यात ठेवायच्या! झाकणाला भोकं पाडून!"

"डबा?" सासऱ्यांनी पान उलटून पाहिलं. "डबा नाही यात. आणि तू सांगायचं नाहीस. तिऱ्हाइताला कोण सांगणार?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलायची सोय नव्हती. तिघांनी गाडीत बसून कोरडा ब्रेड खाल्ला. "सहा वर्षं झाली, मुंग्यांपायी या घरात माणसांकडे कुणी बघितलेलं नाही," नवरा मागच्या सीटवरून म्हणाला. बाईंनी त्याला मान वळवून असं पाहिलं, की त्यानं उरलेला ब्रेड मुकाट्यानं गिळला.

शनिवारी सकाळी कुलूप निघालं. चाळिसाच्या चारशे झाल्या होत्या. "चाळीस मी मोजून घेतल्या," सासरे म्हणाले, "बाकीच्या आपणहून आल्या." त्यांनी जेवणाच्या टेबलावर दोन फूटपट्ट्या लावून दोन वाटा केल्या. एका वाटेच्या टोकाला साखरेचा दाट पाक, दुसरीच्या टोकाला पातळ. मुंगी दाट पाकच निवडते, एवढाच बाईंच्या निबंधाचा दावा होता. सासरे एकेक मुंगी सोडत होते आणि रेघी कागदावर खुणा करत होते. दुपारपर्यंत ते हलले नाहीत, आणि टेबलापाशी कुणाला फिरकूही दिलं नाही.

प्रयोग संपला. ते हात धुऊन वर्तमानपत्र वाचायला बसले. अर्ध्या तासानं नवरा बुटात पाय घालून किंचाळला. मुंग्या बुटात होत्या, उशीखाली होत्या, बाईंच्या ऑफिसच्या पिशवीत होत्या.

"बाबा! या मुंग्या अशाच सोडल्यात?"

"प्रयोग झाल्यावर त्यांचं काय करायचं, ते लिहिलेलं नाही. म्हणून मी काही केलं नाही."

आता मात्र बाईंचा बांध फुटला. "तुम्ही मुद्दाम करताय! अहो, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे आणि तुम्हाला खेळ सुचतोय! सामान्य अक्कल नावाची गोष्ट असते की नाही?"

"सामान्य अकलेवर बोल्ट बसत नाहीत," सासरे म्हणाले आणि त्यांनी रेघी कागद पुढे सरकवला. "आणखी एक राहिलं. दाट पाक डावीकडे ठेवायचा का उजवीकडे, तेही लिहिलेलं नाही. म्हणून वीस मुंग्यांना डावीकडे ठेवला, वीस मुंग्यांना उजवीकडे. आकडे बघ."

बाईंनी आकडे पाहिले. चाळिसातल्या तेहतीस मुंग्या एकाच बाजूला गेल्या होत्या, मग तिथं दाट पाक असो नाहीतर पातळ. त्या बाजूला खिडकी होती.

बाईंनी खुणा पुन्हा एकदा मोजल्या. प्रयोगशाळेत दाट पाकाची बरणी खिडकीपाशी असायची. बरणी तिथंच, म्हणून पाकही तिथंच. दोन वर्षं, सातशे मुंग्या, आणि पाक एकदाही दुसऱ्या बाजूला ठेवलेला नव्हता.

रविवारी त्या तणतणत प्रयोगशाळेत गेल्या, स्वतःच्या हातानं बाजू बदलून प्रयोग केला आणि दुप्पट तणतणत परत आल्या. मुंग्या खिडकीकडेच गेल्या होत्या.

सोमवारी चार वाजता तिघं लॅपटॉपभोवती बसली होती.

"अगं, पाठवून दे," नवरा म्हणाला. "डब्याचं लिही, भोकांचं लिही. खिडकीचं त्या परीक्षकाला कुठून कळणार?"

ते खरंच होतं. कुणालाच कळलं नसतं. नोकरी कायम झाली असती. बाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे नखं बघत होते.

"तुम्ही का गप्प? दोन दिवस तर तोंडाला खीळ नव्हती!"

"माल चुकलाय, एवढं सांगणं माझं काम. कारखान्यानं काय करायचं, ते कधी सांगितलं नाही मी."

"मग कारखानेवाले काय करायचे?"

"आधी मला शिव्या द्यायचे."

"आणि नंतर?"

"नंतर बोल्ट नीट करायचे. शिव्या चालू ठेवून."

बाईंनी शिव्या दिल्या. परीक्षकाला दिल्या, खिडकीला दिल्या, आणि स्वतःला तर वेचून वेचून दिल्या. मग पाचला दहा मिनिटं असताना संपादकांना लिहिलं, की निष्कर्ष चुकले आहेत, निबंध मागे घेते, प्रयोग नव्यानं करून पाठवते. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख म्हणाले, "तुमचा प्रामाणिकपणा कौतुकास्पद आहे," आणि वर्षभराच्या कंत्राटाचा कागद पुढे केला. सही करताना बाईंनी पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावरही सही उमटली.

पुढचे तीन महिने घरात कार्यपद्धतीशिवाय विषय नव्हता. डबा किती लांब, भोकं किती, खिडकी कुठल्या दिशेला, कुंचला कसला, सगळं आलं. सासऱ्यांनी मसुदा सतरा वेळा परत पाठवला. सतराही वेळा भांडण झालं. एकदा बाईंनी तीन दिवस अबोला धरला, तेव्हा सासरे दुरुस्त्या चिठ्ठीवर लिहून नवऱ्याकरवी पाठवत होते. अठराव्या वेळी त्यांनी कागदावर नुसती बरोबरची खूण केली. बाई दार लावून रडल्या, आणि निबंध गेला.

उत्तर आलं तेव्हा सासरे टेबलापाशीच होते. बाईंनी मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या परीक्षकानं लिहिलं होतं, "इतकी काटेकोर कार्यपद्धती क्वचितच वाचायला मिळते. परंतु मुंग्या खिडकीकडे जातात, या निष्कर्षात नवीन काही आढळत नाही. निबंध स्वीकारू नये. लेखिकेचे काही म्हणणे असल्यास आठ दिवसांत कळवावे."

बाई वाट पाहत होत्या, की नेहमीसारखी तळपायातून आग निघेल. तेवढ्यात टेबलावर धाडकन मूठ आपटली. फूटपट्टी उडून खाली पडली.

"नवीन नाही?" सासरे उभे राहिले होते. चौतीस वर्षांत कुणी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. आता खालच्या मजल्यापर्यंत गेला. "मी पास केलेला माल परत पाठवतो? हा कोण लागून गेला? बस इथं, सूनबाई! मी सांगतो तसं लिही. 'महोदय, आपण गाढव आहात.'"

"बाबा, असं लिहिता येत नाही."

"का? काय चुकलं त्यात?"

"शास्त्रीय लेखन आहे ते. 'गाढव' चालत नाही त्यात."

सासरे थांबले. चष्मा नाकावर नीट बसवून त्यांनी विचार केला.

"मग त्याचं शास्त्रीय नाव घाल."

बाईंनी घातलं. नियमाप्रमाणे, तिरप्या अक्षरात.